घरातल्या कामाचा हिशेब आणि दलित आत्मकथन

'नोकरी आणि संसार यांचा समतोल' हा मराठी नियतकालिकांचा, परिसंवादांचा आणि व्याख्यानमालांचा आता नेहमीचा विषय होऊन बसला आहे. या विषयावर बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र असते. सकाळी डबे भरून, मुलाला शाळेच्या गाडीत बसवून, धावतपळत लोकल गाठणारी शहरी पांढरपेशी स्त्री. तिचे कष्ट खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु या चित्रातून उभा केला जाणारा प्रश्न अपुरा आहे. आणि त्याचे अपुरेपण दलित साहित्याच्या अभ्यासकाने दाखवले नाही, तर दुसरे कोणी ते दाखवील अशी आशा करण्यात अर्थ नाही.

समतोल म्हटला की तराजू आला. एका पारड्यात घर, दुसऱ्या पारड्यात काम. घर ही विसाव्याची जागा आणि काम ही कष्टाची जागा, या दोहोंमध्ये एक स्पष्ट रेषा आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ज्यांच्या घराला दार होते आणि ते आतून लावून घेण्याचा अधिकार होता, त्यांच्यापुरते हे गृहीत बरोबर आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो अधिकार होता काय?

१८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा सरकारचा आणि गावाचा नोकर होता. त्याच्या कामाला ना तासांची मर्यादा होती ना प्रकाराची. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी जी वस्तुस्थिती सभागृहापुढे ठेवली ती आजही मुळातून वाचण्यासारखी आहे. वतनदार महार हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामाला जुंपले जाई. म्हणजे पगार एकाचा, तोही तुटपुंजा, आणि चाकरी सगळ्या घराची. रात्री-अपरात्री हाळी आली की उठायचे. हे वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. महारवाड्यातले घर हे पिढ्यान्‌पिढ्या विसाव्याची जागा नव्हतेच; ते गावाने हाताशी ठेवलेले मनुष्यबळाचे कोठार होते. ज्यांचे घरच कामावर होते त्यांना घर आणि काम यांचा समतोल साधा असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

तेव्हा प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला पाहिजे. घरात आणि घराबाहेर कोणी किती काम केले, त्यातले कोणते काम मोजले गेले आणि कोणते मोजलेच गेले नाही? दलित आत्मकथनांकडे हा प्रश्न घेऊन गेलो तर काय हाती लागते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठी वाचकाची झोप उडाली. या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले. भाषेवर लिहिले गेले, कबुलीच्या धीटपणावर लिहिले गेले, बदनामीच्या भीतीने आपलीच माणसे कशी चिडली यावरही बोलले गेले. परंतु कावाखान्यातील बायका रस्तोरस्ती फिरून चिंध्या, कागद, काच, लोखंड गोळा करीत, तो माल निवडून विकीत आणि त्यावर घर चालवीत, या वर्णनाकडे समीक्षेने दारिद्र्याचे वर्णन म्हणून पाहिले. श्रमाचे वर्णन म्हणून पाहिले नाही. पुरुषाचे गोदीतले काम हे 'काम' म्हणून नोंदले गेले. बाईचे चिंध्या वेचणे 'हालअपेष्टा' या सदरात गेले. काम आणि हाल यांत फरक आहे. काम करणारा मनुष्य हक्क मागू शकतो, हाल सोसणारा फक्त सहानुभूतीला पात्र ठरतो.

पुरुषांनी लिहिलेल्या आत्मकथनांतील आई हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. या आया सतत कामात असतात. लेखक शाळेत जातो तेव्हा ती कामात असते, लेखक परीक्षा पास होतो तेव्हाही ती कामातच असते. लेखकाचे मन तिच्याविषयी कृतज्ञतेने भरून येते आणि वाचकाचेही डोळे पाणावतात. हे प्रेम खरे आहे, त्याची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या आईला कंटाळा येत होता का, तिला एखादा दिवस काहीच करू नये असे वाटले का, हे विचारलेले फार थोड्या ठिकाणी आढळते. आईला एकदा 'माउली' करून टाकले की तिच्या कष्टाचा हिशेब संपतो. देवतेला कोणी मजुरी विचारीत नाही. ज्या साहित्याने देव नाकारले त्याने घरात मात्र एक देवी बसवून ठेवावी, ही विसंगती आपण ओळखली पाहिजे.

२

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. फलटणच्या परिसरातील महारवाड्याचे हे चित्रण आहे. 'मी' पेक्षा 'आम्ही' हा त्याचा खरा नायक आहे असे म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या 'आम्ही' च्या आत जे तडे आहेत ते बेबीताईंनी झाकलेले नाहीत. पहाटे उठून दळणारी, भाकरी थापता थापता सासूच्या शिव्या खाणारी, वयाने कोवळी सून त्यांनी उभी केली आहे. सासर सोडून पळणाऱ्या मुलीच्या पायात लाकडाचा खोडा घातला जाई, प्रसंगी नाक कापले जाई, हे त्यांनी लिहिले आहे. मोळी विकायला गेलेल्या बाईला सवर्णाच्या अंगणात लाकडात आपला केस किंवा पदराचा धागा अडकला नाही ना हे तपासून लाकडे रचून द्यावी लागत, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे बाईच्या डोक्यावरची मोळी खाली उतरते ती अपमानाच्या अंगणात, आणि ती घरी परतते ती सासूच्या अंमलाखाली. ज्याला सगळे गाव गुलाम समजते त्यालाही कोणीतरी एक गुलाम हवा असतो आणि तो सुनेच्या रूपाने मिळतो, असे मर्मभेदक निदान बेबीताईंनी केले आहे. अस्पृश्यतेचे असे घरात शिरलेले रूप त्यापूर्वी मराठीत इतक्या स्पष्टपणे कोणी दाखवले होते?

आता या पुस्तकाच्या निर्मितीकडे पाहू. बेबीताई आपल्या छोट्याशा किराणा दुकानात बसत. पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी त्या वाचीत, आणि सवड मिळेल तसे लिहीत. लिहिलेले घरातल्या माणसांपासून लपवून ठेवीत. हे लपवणे सुमारे वीस वर्षे चालले. वीस वर्षे! गिऱ्हाईक, स्वयंपाक, मुलेबाळे यांतून चोरलेल्या मिनिटांवर मराठीतले एक महत्त्वाचे पुस्तक उभे राहिले.

आणि तरीही त्या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या बोलल्या ते पुढे, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादासोबत २००८ साली छापलेल्या मुलाखतीत. पुस्तकात का नाही? समाजाचे दुःख सांगताना स्वतःचे सांगणे गौण वाटले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर आपल्याला अडचणीचे आहे. विषमतेविरुद्ध लढणाऱ्या समाजाचे घर बाहेरच्यांना निर्मळ दिसले पाहिजे, हा अलिखित दंडक आपणच घालून दिलेला आहे. बाईने जातीविरुद्ध लिहावे, घराविषयी गप्प बसावे. तिने गप्प बसून चळवळीची इभ्रत राखली. या गप्प बसण्याची किंमत कोणत्या खात्यावर मांडायची?

३

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. बेबीताईंनी जे पुस्तकाबाहेर ठेवले ते उर्मिलाताईंनी पुस्तकात आणले. रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून ओझी नेणाऱ्या बायकांपासून हे कथन सुरू होते. शिक्षक असलेले वडील गेल्यावर आईने बांबूची सुपे-टोपल्या, म्हणजेच आयदाने, विणून मुलांना वाढवले. मुलगी शिकली, सरकारी कचेरीत नोकरीला लागली, मुंबईला आली, एम.ए. झाली, कथालेखिका झाली, चळवळीत आली. आईच्या हाताला बांबूचे कूस टोचत होते. मुलीच्या वाट्याला कचेरी आली. ही प्रगतीच आहे, यात शंका नाही. परंतु 'आयदान' वाचताना ध्यानात येते की काम बदलले तरी घरातली रचना त्या मानाने बदललेली नाही. बायकोने नोकरी करावी हे नवऱ्याला मान्य असते. पगार घरात येतो. तिने आणखी शिकावे, सभेला जावे, रात्री उशिरा यावे, तिचे नाव छापून यावे, येथे मात्र घर दुर्लक्षित होत असल्याची तक्रार सुरू होते. पगार आणणारी बाई चालते. स्वतःसाठी वेळ घेणारी बाई चालत नाही.

हीच लेखिका १९८९ साली मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध करते हे विसरता कामा नये. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या आठवणी टिपून हा इतिहास लिहिला गेला. म्हणजे ज्या सभांना जाण्यावरून घरात कुरबूर झाली, ज्या वणवणीला 'संसाराकडे लक्ष नाही' असे म्हटले गेले, त्यातूनच चळवळीच्या स्मृतीचे एवढे मोठे धन वाचले. हे काम कोणत्या विद्यापीठाने, कोणत्या संशोधन संस्थेने, आमच्या कोणत्या पुढाऱ्याने आधी केले होते?

स्त्रियांच्या या आत्मकथनांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ती विस्कळीत आहेत, प्रसंग मागेपुढे होतात, बांधणी सैल आहे. मला या आक्षेपाचे आश्चर्य वाटते. बांधणी ही केवळ प्रतिभेची बाब आहे काय? सलग लिहिण्यास सलग वेळ लागतो. ज्याला टेबल आहे, दार लावून घेता येते, आणि ज्याचा चहा न मागता पुढ्यात येतो, त्याच्या गद्याला सलगता सहज येते. जी बाई गिऱ्हाईक आणि भाकरी यांच्यामध्ये चार ओळी लिहिते तिच्या गद्यात ते थांबणे आणि पुन्हा सुरू होणे उतरणारच. उर्मिलाताईंनी तर आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते स्वतःच सांगितले आहे. हात थांबतो, दुसरे काम उरकून येतो, आणि जेथे सोडले तेथून पुन्हा विणू लागतो. टोपली सुटी पडत नाही. तेव्हा या सैलपणाला दोष म्हणण्यापूर्वी समीक्षकाने लेखनाच्या वेळेचा विचार केला पाहिजे. मात्र उलट टोकाला जाऊन, स्त्रीने लिहिले म्हणून पुनरुक्तीही गुण मानावी असे मी म्हणत नाही. दोष तो दोषच. परंतु त्याचे कारण न शोधता निकाल देणारी समीक्षा ही सावकारी समीक्षा आहे.

४

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आणि मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) ही दोन पुस्तके येथे शेजारी ठेवून पाहावीत. कुमुदताई संस्कृतच्या पदवीधर. गुणवत्ता असूनही कुमुद सोमकुंवर या नावाने नोकरी मिळेना; आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलले आणि मग सरकारी महाविद्यालयाचे दार उघडले. या यशाचे श्रेय नव्या नावाला गेले, ही बोच त्यांनी लपवलेली नाही. दलित स्त्रीच्या बाबतीत नोकरीचा प्रश्न संसाराशी किती विचित्र रीतीने गुंतलेला असतो ते येथे दिसते. 'समतोल' वाल्यांच्या मते लग्न हा नोकरीतला अडथळा. येथे लग्नाने मिळालेले सवर्ण आडनाव हीच नोकरीची किल्ली ठरते.

मल्लिकाबाईंचे पुस्तक हे दलित स्त्रीचे आत्मकथन नव्हे. परंतु ते चळवळीच्या घराचे आत्मकथन आहे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि तिने महाराष्ट्र हलवला. त्या झंझावाताच्या घरात चूल कशी पेटत होती, एकटे कोण पडत होते, मूल घेऊन कोण बसत होते, हे या पुस्तकाने सांगितले. तेव्हा पुष्कळांना ते रुचले नाही. नेत्याचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले असे म्हटले गेले. मला वाटते, प्रश्न एका नेत्याचा नाहीच. ज्या घरात पूर्णवेळ कार्यकर्ता असतो त्या घरात पूर्णवेळ राबणारे आणखी एक माणूस असावेच लागते. त्या माणसाचे नाव पत्रकावर नसते.

५

येथे रमाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२८ साली 'बहिष्कृत भारत' मध्ये लिहिताना बाबासाहेबांनी आपल्या घराविषयी जे लिहिले ते असामान्य आहे. आपण परदेशी असताना संसाराचा भार पत्नीने वाहिला, ती डोक्यावरून शेणाच्या पाट्या आणीत होती, आणि परत आल्यावरही दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तास आपण तिला देऊ शकलो नाही, अशी ती स्वच्छ कबुली आहे. ज्या लेखात ही कबुली येते त्याचा विषय ऋण हा आहे. बाबासाहेब हिशेब मांडत होते, आणि हिशेब मांडताना घरातल्या बाईचे श्रम त्यांनी गाळले नाहीत.

आपण काय केले? आपण त्याचे 'त्याग' असे नाव ठेवले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यानंतरच्या पिढ्यांनी त्यांच्यावर गाणी रचली, जयंत्या केल्या, लेकीसुनांना 'रमाईसारखी हो' असे सांगितले. त्याग आणि ऋण या दोन शब्दांत फार अंतर आहे. त्यागाला हार घातला की भागते. ऋण फेडावे लागते.

बाबासाहेबांनी ते सार्वजनिक पातळीवर फेडण्याचा मार्गही दाखवला. जुलै १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, या काळातील विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा तिचा मोठा भार सरकारने उचलावा आणि मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. मूल जन्माला घालणे हा बाईचा खासगी मामला नाही, हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत, पत्नीने नवऱ्याची दासी होण्यास नकार द्यावा आणि बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे त्यांनी बजावले. मजूरमंत्री म्हणून कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनी मांडले. या सर्वांमागे एकच सूत्र आहे. माणसाचा वेळ ही राजकीय गोष्ट आहे.

पुढे कायदे झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची तरतूद केली. १९६१ च्या कायद्याने दिलेली बारा आठवड्यांची प्रसूती-रजा २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु हे लाभ कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या बाईपर्यंत पोचले. वस्तीतून पहाटे निघून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला सव्वीस आठवडे कोण देणार? तिच्यासाठी महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कल्याण मंडळ ही काही रजा नव्हे. आणि येथेच आपण सुरुवातीच्या चित्राकडे परत येतो. लोकल गाठणाऱ्या पांढरपेशा स्त्रीचा समतोल साधला जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्या एका बाईच्या जिवावर. ती बाई कोणत्या वस्तीतून येते हे सांगण्याची गरज नाही. तिची स्वतःची चूल तिच्या थोरल्या मुलीकडे असते, आणि ती मुलगी त्या दिवशी शाळेत गेलेली नसते. तराजूचे हे तिसरे पारडे आहे आणि परिसंवादांत ते दिसत नाही.

६

दुसऱ्यांना दोष देऊन थांबता येणार नाही. मी शिक्षक म्हणून तीसएक वर्षे काढली आणि तेवढीच वर्षे सभा-संमेलनांत, अभ्यासवर्गांत काढली. माझी पत्नीही शिक्षिका होती. तिची शाळा माझ्या शाळेपेक्षा दूर होती. 'आयदान' आले तेव्हा आमच्या घरी त्यावर चर्चा ठेवली होती. दहा-बारा जण जमले, चार तास चर्चा रंगली, स्त्रीच्या दुय्यमत्वावर मी बराच बोललो. तीनदा चहा झाला, पुढे पिठलं-भाकरी झाली. सगळे गेल्यावर मी तिला विचारले, 'तुला पुस्तक कसे वाटले?' ती भांडी आवरीत म्हणाली, 'वाचायचंय अजून. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचीन म्हणते.' तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

ही हकीकत मी पश्चात्तापाचे प्रदर्शन करण्यासाठी सांगत नाही. ती अपवादात्मक नाही म्हणून सांगतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. आकडे देशाचे आहेत. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांत ते वेगळे निघतील अशी खात्री देण्यास आपल्यापैकी किती जण पुढे येतील?

दलित साहित्याच्या समीक्षेपुढे त्यामुळे काही स्पष्ट कामे आहेत. आत्मकथनातील स्त्रीच्या श्रमाकडे 'हाल' म्हणून न पाहता काम म्हणून पाहणे. आईविषयीची कृतज्ञता आणि आईच्या श्रमाचा हिशेब यांत गफलत न करणे. पुस्तकाची बांधणी तपासताना ते कोणत्या वेळात लिहिले गेले हे विचारणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चळवळीच्या घराविषयी एखादी स्त्री लिहू लागली तर 'शत्रूच्या हाती कोलीत' असे म्हणून तिचे तोंड बंद न करणे. आपल्या घरातील विषमता लपवल्याने शत्रू निःशस्त्र होत नाही. आपणच आपल्या विचाराला खोटे पाडतो.

कार्यकर्त्यांसाठीही एक साधे काम आहे, त्याला ठराव लागत नाही. पुढच्या अभ्यासवर्गाला चहा कोणी करायचा आणि त्या वेळी आत बसून कोणी ऐकायचे, हे आधी ठरवावे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्ये बाबासाहेबांनी बुद्धाकडून घेतली असे त्यांनी सांगितले होते. ती विहाराच्या सभागृहात जशी लागू आहेत तशीच त्याच विहाराच्या मागच्या बाजूला, जेथे स्टोव्ह पेटलेला असतो, तेथेही लागू आहेत. ज्या दिवशी ती तेथे पोचतील त्या दिवसापासून बेबीताईंच्या नातींना वह्या लपवाव्या लागणार नाहीत.